खणातल्या ब्रशचा सूड

मित्रांनो, माझे निम्मे दात पडले आहेत, मूठ तडकली आहे, पण राग अजून शाबूत आहे. मांजरीचे केस विंचरण्याचा एक जुना ब्रश, एवढीच माझी ओळख.

एका कारखान्यात लाकडी मुठीवर तारेचे दात बसवून मला घडवले. पुढे एका सलूनच्या मालकांनी मला आपल्या फुगीसाठी आणले. फुगी म्हणजे लांब केसांची, करडी, लाडावलेली मांजर. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मालक तिला मांडीवर घेत आणि मी तिच्या पाठीवरून फिरे. ती डोळे मिटून घुरघुरे. "या ब्रशला तोड नाही," असे मालक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी हरखून जाई.

मग मालकांच्या मेहुण्याने मांजरीचे सुटे केस ओढून घेणारे विजेचे यंत्र भेट दिले. मालक हुरळले. मला वस्तऱ्यांच्या खालच्या खणात टाकले, झुरळांच्या सोबतीला. यंत्र घुमू लागले की फुगी कपाटावर चढून बसे. मालकांनी लवकरच तो नाद सोडला, पण मला बाहेर काढले नाही. दिवसभर जगाच्या डोक्यावरून कंगवा फिरवणाऱ्या माणसाला घरच्या मांजरीसाठी वेळ नव्हता!

सुटलेले सगळे केस आता फुगीच चाटून गिळू लागली. मान लांब करून, पोट आत ओढून ती खॅक खॅक करी आणि ओल्या केसांची वळकटी टाकी. कधी धुतलेल्या टॉवेलांवर, कधी गिऱ्हाइकाच्या बुटात. आरडाओरडा ऐकून मला खणात आनंदाच्या उकळ्या फुटत. मेहुण्याच्या नव्या चपलेत वळकटी पडली, त्या दिवशी तर मला स्वर्ग दोन बोटे उरला.

"अहो, हिला दाखवून आणा," मालकीणबाई म्हणत.

"मांजरं ओकायचीच. केस पडले की होते मोकळी," मालक हात झटकत.

मग एकदा ती खोकत राहिली, पण काहीच पडले नाही. बशीतले खाणे तसेच राहिले. शी-शूसाठी ठेवलेला वाळूचा डबा कोरडा. शेवटी खोकलाही थांबला.

"बघ, झाली ना बरी?" मालक म्हणाले.

मला मात्र धडकी भरली. माझे वैर मालकांशी होते, फुगीशी नव्हते.

मालकीणबाईंनी तिला टोपलीत घातले आणि मालकांना पुढे घालून डॉक्टरीणबाईंकडे नेले. दोघे रिकामी टोपली घेऊन परतले.

"पोटात केसांचा गोळा अडकलाय! औषधानं नाही सुटला तर पोट कापायचंय!" मालकीणबाई कडाडल्या. "शेवटचं विंचरलं कधी, विचारलं डॉक्टरीणबाईंनी. का नाही बोललात?"

"काय बोलू? आठवेचना," मालक पुटपुटले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. ऐकून मला बरे वाटले.

नशिबाने गोळा औषधानेच सुटला. हाडे दिसणारी फुगी घरी आली आणि मालकांनी अख्खा खण उपसून मला शोधले. आता रोज सकाळी ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसते, मालक वाकून विंचरतात आणि गिऱ्हाइके ताटकळतात. खणात यंत्र आहे. झुरळे तीच आहेत.

मित्रांनो, तुमची मांजर वरचेवर ओकत असेल, नुसतीच खोकत असेल, खात नसेल, तर हात झटकू नका. डॉक्टरांकडे न्या. आणि रोज विंचरा.

मालकांनी अजून माझी माफी मागितलेली नाही. म्हणून रोज त्यांच्या अंगठ्याला मी एखादा दात लावतोच. फुगीला कधीच नाही.