राणीचं वाक्य

ताळमद्दळेत, म्हणजे बसून करायच्या यक्षगानात, ना रंग, ना पोशाख. मांडी घालून बसायचं आणि गाणाऱ्या भागवतांनी पद म्हटलं की त्याचा अर्थ आपल्या शब्दांत, तिथल्या तिथे बोलायचा. त्यात पद्मनाभ ऐताळ मास्तरांचा हात धरणारा उडुपीच्या आसपास कोणी नव्हता, आणि हे मास्तरांना स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं. "कलेतलं दुःख कुणाचंच नसतं, म्हणून तर ते गोड लागतं," असं त्यांनी संस्कृतच्या वर्गात जन्मभर शिकवलं.

त्या दुपारी देवळाच्या मंडपात ते राणी झाले होते. राजपुत्र मेला होता. पद संपलं आणि मास्तर बोलून गेले, "अहो, त्याला पालथं नका ठेवू. पालथं त्याला झोप येत नाही."

मंडपभर हुंदके उठले. मास्तरांचेही डोळे वाहू लागले. ते पुसताना खांबाशी बसलेली नागवेणी, त्यांची धाकटी बहीण, त्यांना दिसली. वाक्य तिचं होतं. गेल्या वर्षी बागेतल्या तळ्यातून तिच्या पोराला काढून माणसांनी काठावर पालथं ठेवलं, तेव्हा ती हेच विनवत होती. मास्तर अगदी शेजारी उभे होते. सख्खा मामा, पण डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं.

पंगतीत भातावर सारू वाढता वाढता मंजुनाथ भट म्हणाले, "मास्तर, रडवलंत हो आज! कुठून आणलंत ते वाक्य?"

समोरच्या ओळीत नागवेणीचा हात पानावर थांबला.

"सुचलं," मास्तर म्हणाले.

आपलीच जीभ हासडून टाकावी असं त्यांना झालं. अर्ध्या भातावरून ते उठले.

ते हात धुवायला गेले, तशी ती मागून आली. तांब्यानं त्यांच्या हातावर पाणी घालू लागली. लाजेनं मास्तरांची मान वर होईना.

"वेणी, चुकलो गं. बोलण्याच्या ओघात... तिथे ते कुणाचंच दुःख नसतं, म्हणून..."

"कुणाचंच कसं, अण्णा? त्याला नाव होतं." तिचा आवाज चढला नाही. "इतके दिवस मी मनाची समजूत घालत होते, की त्या गोंधळात तुला ऐकूच आलं नसेल."

तांब्या रिकामा झाला होता.

"ऐकलं होतंस. मग त्याला उताणं का नाही केलंस?"

मास्तरांना काही सुचलं नाही.