यूयूची टाच

यूयू झाली आणि आमच्या अंथरुणात नवराबायकोची ताटातूट झाली. भांडण नाही हो. ती मध्ये आडवी झोपते आणि टाच रोवते. नाकामागे होणाऱ्या कर्करोगातल्या विषाणूचं एक प्रथिनही असंच जोडीनं राहतं. जोडी फुटली की विषाणूचा पेशीतला मुक्काम हलतो. प्रयोगशाळेत मी बनवलेला कृत्रिम रेणू, म्हणजे मण्यांसारख्या दुव्यांची एक माळ, त्या जोडीत शिरायचा, पण ठरायचा नाही. मग मी त्याला एक फुगीर टोक जोडलं. नाव ठेवलं ‘टाच’.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख चुआंग सर म्हणाले होते, "शनिवारी जोडी फोडून दाखव. नाहीतर हे काम बंद."

शनिवारी नेमकं पाळणाघर बंद. यूयूला कडेवर घेऊनच यंत्राच्या खोलीत गेले. इथे तैपेईत यंत्रावर खाऊची हिरवी पिशवी ठेवतात, त्यानं शहाण्यासारखं वागावं म्हणून. मी पडद्याकडे बघत होते, तोच कानाशी कुरुमकुरुम ऐकू आलं. यूयूनं पिशवी फोडली होती.

पडद्यावर टाचेची रेषा तळाला गेली होती, म्हणजे तिनं जोडी फोडली होती. पण तुलनेसाठी बनवलेल्या, तेच मणी उलटसुलट ओवलेल्या खोट्या रेणूनंही फोडली होती! निकाल पाण्यात.

"यंत्राचा नैवेद्य पोरीनं खाल्ला, दुसरं काय होणार?" असं म्हणत यंत्र सांभाळणाऱ्या शू-हुइताई दुकानाकडे पळाल्या.

तेवढ्यात मला आठवलं. द्रावणात साबणाचा थेंब टाकलाच नव्हता! त्यावाचून रेणूंचे चिकट गोळे होतात आणि दिसेल त्याला धरतात. नवं द्रावण केलं. ताईंनी नवी पिशवी ठेवली. आता खोटा रेणू गप्प, टाच मात्र जोमात.

सरांनी पाहिलं. "एकदम दोन गोष्टी बदलल्यात. साबणाचा गुण की खाऊचा?"

"खाऊचा!" ताई म्हणाल्या.

"मग पिशवी उचला, पुन्हा करा."

कुणी हलेना.

"सर, तुम्हीच उचला ना," मी म्हटलं.

"मी? मला सुखानं निवृत्त व्हायचंय, बाई."

शेवटी मीच उचलली. ताईंनी डोळे मिटले. खोट्या रेणूची रेषा सरळ राहिली. टाचेची हळूहळू खाली आली, आणखी खाली, आणि तळाला टेकली.

"ठेव ती पिशवी जागेवर," सर घाईनं म्हणाले. "उगाच विषाची परीक्षा कशाला! आणि सोमवारी पेशी घे. पेशीबाहेर कुणीही जोड्या फोडेल, तुझा रेणू आत शिरतो का ते बघू."