शेवटचा रकाना

"आता तुम्ही मला सांगा," मास्तर म्हणाले. "मी काय सांगितलं?"

समोरच्या विधवा बाईंनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. "ह्यांचं कर्ज ह्यांनी मागे जे ठेवलंय त्यातून फेडायचं. माझ्या पगारातून नाही."

"आणि वसुलीवाला कागद घेऊन दारात आला तर?"

"चहा पाजायचा, पण सही करायची नाही."

मागच्या बाकांवर हशा पिकला. मास्तरही हसले. "चहासुद्धा नको. बाकी पैकीच्या पैकी. आत वकीलबाई आहेत, त्यांना हा फॉर्म द्या."

मोफत कायदा सल्ल्याच्या त्या खोलीत मास्तर निवृत्तीनंतर सात वर्षं बसत होते. आयुष्यभर चौथीचा वर्ग शिकवलेला माणूस. तो वकील नव्हता, पण अवघड गोष्ट सोपी करून सांगायची आणि समोरच्याकडून वदवून घ्यायची, ही खोड सुटली नव्हती. फॉर्म ते स्वतः भरत. सही करण्याआधी तो समोरच्याकडून शेवटच्या ओळीपासून वर वाचून घेत. "फसवायचं ते कागदाच्या तळाला असतं," ते सांगत.

"नंबर चौदा!" शिपायाने हाक दिली.

मास्तरांनी नवा फॉर्म ओढला आणि मान वर केली. समोर त्यांची लेक उभी होती.

"तू? अगं, इथे कशाला? घरी यायचं ना."

"घरी आई आहे," ती हळूच म्हणाली आणि खुर्चीवर बसली. मग अंग आवरून, सरळ होऊन म्हणाली, "गुरुजी, मला तीन प्रश्न विचारायचेत."

मास्तरांचं पेन थांबलं. चौथीत ती त्यांच्याच वर्गात होती. वर्गात बाबा म्हणायचं नाही, हा नियम त्यांनीच घातला होता. एकदा चुकून म्हणाली, तर बाकावर उभं केलं होतं.

"विचार," ते म्हणाले.

"नवऱ्याने धंद्यासाठी कर्ज काढलं. बायको जामीन राहिली. आता तो हप्ते भरत नाही, घरीही राहत नाही. घटस्फोट घेतला तर जामीन सुटतो का?"

"नाही." मग ते पुन्हा म्हणाले, "नाही. घटस्फोट नवरा-बायकोत होतो. कर्ज देणारा त्यात नसतो. त्याच्याकडे तुझी सही तशीच राहते."

तिने पर्समधून नोटीस काढून टेबलावर ठेवली. तीस दिवसांची मुदत. नाहीतर दोन खोल्यांच्या जप्तीसाठी अर्ज. त्या दोन खोल्या तिने अकरा वर्षं कपडे शिवून घेतल्या होत्या. त्यांचा तिला फार अभिमान होता. पहिल्या दिवशी बापाला दाराची कडी दहादा लावून दाखवली होती.

"खोल्या जातील?"

"जाऊ शकतात. लगेच नाही. न्यायालयाच्या हुकमाशिवाय कुणी आत पाऊल टाकू शकत नाही. वकीलबाई हप्ते बांधून मागतील. पण..." त्यांनी चष्मा काढून पुसला. "जाऊ शकतात."

"आणि पोरगी? तो म्हणतो, कर्जबाजारी बाईकडे न्यायाधीश पोर ठेवत नाहीत."

"खोटं बोलतो!" मास्तरांचा आवाज इतका चढला की बाकांवरची कुजबुज थांबली. "नुसतं कर्ज आहे म्हणून आईकडून मूल काढून घेत नाहीत. मुलाचं भलं कशात आहे, ते बघतात. सांग मला परत."

"नुसतं कर्ज आहे म्हणून..." तिने नोटीस बाजूला सारली आणि वाक्य पूर्ण केलं. "पोरगी काढून घेत नाहीत."

"शाब्बास."

ते फॉर्म भरू लागले. वय. व्यवसाय. अपत्ये. कर्जाची तारीख पाच वर्षांपूर्वीची. तारीख लिहिताना त्यांना तो फोन आठवला. तेव्हाही ते इथेच, ह्याच खुर्चीवर बसले होते. "बाबा, जामिनावर सही मागतायत, करू का?" समोर माणसं खोळंबली होती. त्यांनी म्हटलं होतं, "अगं, नवरा आहे तुझा, परका का आहे? करून टाक." फोन ठेवून त्यांनी समोरच्या माणसाला समजावलं होतं की सख्ख्या भावालाही न वाचता जामीन राहू नये.

शेवटचा रकाना आला. हा प्रश्न ते दिवसातून वीसदा विचारत.

"सही करण्याआधी कुणाचा सल्ला घेतला होता?"

तिने टेबलावर अंगठ्याने करंगळी दाबली.

"नाही," ती म्हणाली. "कुणाचाच नाही, गुरुजी."

लहानपणी खोटं बोलताना ती अशीच करंगळी दाबायची. मास्तर त्या करंगळीकडे क्षणभर पाहत राहिले. मग त्यांनी रकान्यात लिहिलं, फॉर्म फिरवून तिच्यापुढे सरकवला आणि पेन ठेवलं.

तिने शिकवल्याप्रमाणे तळापासून वाचायला घेतलं. पहिल्याच ओळीवर तिचं बोट थांबलं. तिथे फळ्यावरच्यासारख्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'होय. वडिलांचा.'

"नंबर पंधरा तयार राहा," शिपाई म्हणाला.

बोट बराच वेळ तिथेच होतं. मास्तर खुर्चीतून उठले आणि, ती वाचून होईपर्यंत, हात खाली सोडून उभे राहिले.