हळदीचा हात, कुंकवाचा हात

"मॅडम, ही तर साक्षी मॅडमची मेथड!" तळवा पुढे करत वेदिका म्हणाली आणि माझा हळद लावणारा हात तिथेच थांबला.

गंगापूर रोडवरच्या या क्लासमध्ये एमएस्सीच्या पोरांना ऑरगॅनिक केमिस्ट्री मी शिकवते. कोणते रेणू एकमेकांशी जुळतील हे त्यांच्या ऑर्बिटलवरून, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या कक्षांवरून, ठरतं. पोरांच्या ते काही केल्या डोक्यात शिरेना, म्हणून मी त्यांच्या एका तळव्याला हळद लावली, दुसऱ्याला कुंकू. दोन जोड्या, म्हणजे दोन रेणू, समोरासमोर उभ्या करायच्या. प्रत्येकाने एक हात पुढे धरायचा, दुसरा पाठीमागे. हळदीसमोर हळद, कुंकवासमोर कुंकू आलं तर टाळी, म्हणजे बंध जुळला. एका टोकाला जुळलं आणि दुसऱ्या टोकाला नाही, तर कितीही तापवा, व्यर्थ! प्रकाश टाकला की मात्र एकाने हात बदलायचा, मग दोन्हीकडे टाळी.

नवरा गेल्यानंतरच्या संक्रांतीला हे सुचलं. कॉलनीतल्या बायकांनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं होतं. म्हटलं, गेलं उडत, करंडा वर्गात नेते. हे कसं सुचलं, ते फक्त साक्षीला ठाऊक होतं. घोटीची पोर, माझी जुनी विद्यार्थिनी, परीक्षेच्या दिवसांत माझ्याच घरी राहायची, मावशी म्हणायची. इथे शिकवायला तिला मीच चिकटवलं.

वेदिकाने मोबाइल पुढे केला. क्लासच्या चॅनेलवर साक्षी हसून सांगत होती, "माझ्या आईच्या करंड्यावरून मला हे सुचलं."

मी तडक शूटिंगच्या खोलीत गेले. दुसऱ्या भागाची तयारी चालली होती. टेबलावर माझाच करंडा! आठवडाभर सापडत नव्हता, म्हणून आज मी वर्गात हळदकुंकवाच्या वाट्या नेल्या होत्या.

"सर, ही पद्धत माझी आहे," मी क्लासच्या मालकांना, महेश सरांना म्हणाले.

"मोहिनी मॅडम, व्हिडिओ तिच्या नावाने चाललाय. आता तुम्ही केलंत तर कॉपी वाटेल. तुम्ही फळ्यावर शिकवा ना."

"साक्षी, तू काही बोलणारेस का गं?"

"मॅडम, तुम्ही व्हिडिओ करणारच नव्हतात," ती खाली बघत म्हणाली. मावशीची मॅडम कधी झाले, कळलंच नाही.

"जोडीत एक जण कमी आहे," सर म्हणाले, "मॅडम, तुम्हीच उभ्या राहा की." कमाल आहे माणसाची! तरी मी कुंकवाकडे हात नेला.

साक्षीने करंडा मागे ओढला. "सर, मॅडमना कुंकू नको. लोक कमेंटमध्ये काहीबाही लिहितात."

अंगाची नुसती आग झाली. हे तिने बोलावं? मी करंडा हिसकावला, कुंकवात तळवा दाबला आणि वर्गात परत आले. पोरं हात रंगवून ताटकळली होती.

"हात धुऊन या रे. आजपासून फळ्यावर."

एकेक जण गेला. वेदिका तेवढी थांबली. तिने कुंकवाचा तळवा माझ्यासमोर धरला. "मॅडम, टाळी."

पोरीचा चेहरा अगदी निर्मळ होता. साक्षीचाही असाच असायचा.

"जा, धुऊन ये," मी म्हणाले आणि फळा पुसायला घेतला.