बिनवासाचे तीन आठवडे

तीन आठवड्यांत एकही पेटी नापास झाली नव्हती, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर तपासनीस बाईंचं कौतुक केलं. माल किती झटपट सुटतोय, असं ते म्हणाले. बाई कसनुशा हसल्या.

बंदरातल्या त्या थंडगार शेडमध्ये बाईंनी बावीस वर्षं काढली होती. परदेशातून बर्फात येणारे माशांचे तुकडे इथं उतरायचे. डोकं नाही, डोळे नाहीत, कल्ले नाहीत. नुसतं बघून कळणार काय, कपाळ? प्रयोगशाळेचा अहवाल यायचा महिन्यानं. तोवर मासा खाऊन लोक विसरूनही गेलेले असायचे. म्हणून सगळी भिस्त बाईंच्या नाकावर. त्यांनी वास घेऊन शिक्का मारला की माल थेट शाळांच्या आणि इस्पितळांच्या स्वयंपाकघरात. बाईंच्या नाकापुढे यंत्र झक मारतं, असं शेडमध्ये म्हणायचे, आणि बाईंना ते ऐकायला फार आवडायचं. सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं.

कारण ते नाक तापानं नेलं होतं. ताप उतरला त्या सकाळी गॅसवरचं दूध करपून काळं झालं, शेजारी उभ्या बाईंना पत्ता नाही. नवरा बाहेरच्या खोलीतून धावत आला. ऑफिसात सांगून टाक, असं त्यानं दहादा सांगून पाहिलं. येईल चार दिवसांत, म्हणून बाईंनी त्याला उडवून लावलं. सांगितलं असतं तर रवानगी जुन्या कागदांच्या खोलीत, आणि तिथं कोण विचारतंय?

मग त्यांनी एक शक्कल काढली. पेट्यांची झाकणं उघडायला काका असायचे, तीस वर्षांचे मुरलेले हमाल. माल खराब असला तर हा म्हातारा तोंड वाकडं करणारच, असा बाईंचा हिशेब. त्या पेटीवर वाकायच्या, जोरात श्वास ओढायच्या आणि तिरक्या नजरेनं काकांकडे बघायच्या. काकांचा चेहरा शांत दिसला की मारला शिक्का.

आज दुपारी चाळीस पेट्या उतरल्या. अकराव्या पेटीत बाईंच्या बोटांना काहीतरी बुळबुळीत लागलं. काकांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. बाईंना राहवेना.

“काका, कसा वाटतोय माल?”

इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. काका गोंधळले. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “मला काय विचारता बाई? इथल्या बर्फाच्या यंत्राचा गॅस गळला, त्यात माझं नाक गेलं, त्याला चार वर्षं झाली. मी आपला तुमच्या तोंडाकडे बघतो. तुम्ही मान फिरवली की पेटी बाजूला ठेवतो.” साहेबांच्या कानावर घालू नका, घरी खाणारी तोंडं आहेत, असंही त्यांनी विनवलं.

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. तीन आठवडे दोन माणसं एकमेकांची तोंडं बघत उभी होती, आणि मधून पेट्या चालल्या होत्या. त्यांना संताप आला तो स्वतःचा. म्हाताऱ्याला निदान पोटाची भीती होती; त्यांनी हे सगळं केलं होतं निव्वळ तोऱ्यापायी.

शेडच्या दारात इस्पितळाचा ट्रक माल भरायला उभा होता. बाईंनी ड्रायव्हरला आत बोलावलं, अकरावी पेटी पुढे ओढली आणि वास घ्यायला सांगितलं. तो वाकला मात्र, लगेच नाकावर बाही दाबून दोन पावलं मागे सरला.

“माझं नाक गेलंय,” बाई म्हणाल्या. “ही पेटी परत जाईल. आजचा सगळा माल थांबवते आणि साहेबांना सांगून येते.” बोलून टाकल्यावर त्यांना हलकं वाटलं. वेळेवर सुचलं म्हणायचं.

ड्रायव्हर त्यांच्याकडे बघतच राहिला. बाही त्याच्या नाकावरून खाली आली.

“हा माल परत जाणार?” तो म्हणाला. “सोमवारचाही असाच होता बाई. त्याच्या आधीचाही. लहान मुलांच्या इस्पितळातला आचारी कुरकुरत होता. मीच त्याला म्हटलं, बाईंचा शिक्का आहे, बिनधास्त शिजव.”