दोन बोटांचं तोंड

प्रीतमने खर्र्याविरुद्ध ढीगभर रील्स केल्या, त्या फक्त त्याच्या आईने पाहिल्या. जितेंद्रची एकच रील अख्ख्या नागपुरात फिरली. तंबाखूचा खर्रा खाऊन त्याचं तोंड दोनच बोटं उघडायचं आणि रीलमध्ये त्यात पाणीपुरी शिरत नव्हती, एवढंच. प्रीतम जळून कोळसा झाला. असं तोंड आपल्याला काहून नाही, म्हणून आरशासमोर कमी तोंड उघडायचा सराव करू लागला.

नंदनवन भागातल्या पाणीपुरीच्या ठेल्यावर जितेंद्र भेटला. प्रीतमने सवयीने अख्खी पाणीपुरी तोंडात टाकली. जितेंद्र टक लावून बसला.

"काय पाहून राहिला गा?"

"माझ्या वाटची बी खा न. मले नुसतं पाहायचं आहे."

प्रीतमने खाल्ली. इतका मन लावून पाहणारा त्याला आजवर मिळाला नव्हता.