आवाज घरून आणावा

"हा धडाम काढा."

सल्लागारांनी लाल पेन्सिलीचं टोक पानावर टेकवलं. अक्षरांची शाई अजून ओली होती.

"काढा म्हणजे?" तिनं विचारलं.

"म्हणजे खोडा. यान अवकाशात फुटतंय. तिथे हवा नाही. हवा नाही तर आवाज नाही. एवढं शाळेत शिकवतात."

"शाळेतलं पोरं शाळेत वाचतात, सर. इथे ती धडाम वाचायला येतात."

मागच्या टेबलावर चित्रकार फिसकन हसला. सल्लागार हसले नाहीत. त्यांनी त्या अक्षरांवर आडवी लाल रेघ मारली आणि पान तिच्याकडे सरकवलं.

टीव्हीवर दर रविवारी एका अवकाशयानाची मालिका लागायची आणि तिच्याच जोरावर या तिसऱ्या मजल्यावरच्या कार्यालयातून त्या मालिकेचं चित्रकथांचं मासिक निघायचं. चित्रं चित्रकार काढायचा. पात्रांच्या तोंडचे फुगे आणि चित्रांतले आवाज ती हातानं लिहायची. फुग्यातलं बोलणं काय, कोणीही लिहील. पण तिचे आवाज बघत राहावेत असे असत. तिचा 'धडाम' पहिल्या अक्षरापासूनच तडकत जायचा आणि 'म'पर्यंत पोचेतो त्याच्या ठिकऱ्या झालेल्या असत. यानाचं दार उघडलं की 'सुर्रर्र' फटीतून घरंगळत बाहेर यायचा. यानावरचा जाडा आचारी शिंकला की ती शिंक तीन चौकटी ओलांडून कप्तानाच्या टोपीवर आदळायची. कार्यालयात तिला सगळे धडामबाई म्हणत, आणि तिला ते मनापासून आवडायचं. लग्नात मिळालेलं नाव तिनं निवडलं नव्हतं, हे तिनं कमावलं होतं.

मग मालिकावाल्यांकडून तक्रार आली, की आमच्या मालिकेत थोडंफार तरी शास्त्र असतं, तुमच्या मासिकात नुसता धांगडधिंगा. आणि त्यांनी स्वतःच एक सल्लागार नेमून पाठवला. भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. पहिल्या दिवशी ते दारातून आत आले तेव्हा तिच्या ब्रशचा एक फराटा वाकडा गेला. तो तिचा सख्खा मोठा भाऊ होता.

आई गेल्यापासून दोघं बोलत नव्हती. त्यानं तिला पाहिलं, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "नमस्कार, बाई." ती म्हणाली, "नमस्कार, सर." झालं, तिथेच ठरून गेलं. तिचं आडनाव लग्नानंतर बदललेलं, त्यामुळे कोणाला काही कळायचं कारण नव्हतं.

दादा लहानपणापासून असाच होता. गोष्ट रंगात आली की मध्येच म्हणायचा, "पण हे शक्यच नाही." आता त्याला त्याचाच पगार मिळत होता. आचाऱ्याच्या शिंकेनं यान मागे वळतं, हा लेखकाचा लाडका विनोद. दादानं तो कापला. "शिंक यानाच्या आतच राहते. यान हलणार नाही." सूप सांडून कप्तानाच्या बुटांत गेलं, तर, "वजनरहित अवस्थेत सांडत नाही, तरंगतं." आणि मग ते तरंगणारं सूप काही कोणाला हसवेना. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. तिला तोच राग होता. आयुष्यात एकदा तरी या माणसानं चूक असावं, आणि ते तिनं पाहावं.

ती तक्रार घेऊन संपादकांकडे गेली.

"सर सांगतात ते करा, बाई," संपादक कागदातून मान वर न करता म्हणाले. "मालिकावाल्यांचा माणूस आहे. उगाच कशाला अंगावर घ्यायचं?"

तिनं धडाम पांढऱ्या रंगानं झाकला. उरलं ते पान मुकं दिसत होतं. यान फुटलेलं, पत्रे उडताहेत, कप्तानाचे डोळे विस्फारलेले, आणि चिटपाखराचाही आवाज नाही. ती बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे पाहत बसली. मग तिनं बारीक टाक घेतला आणि चौकटीच्या खाली, जाहिरातीतल्या अटी लिहितात तशा अक्षरांत लिहिलं: 'वाचकांनी आवाज घरून आणावा. येथील आवाज आमच्या सल्लागारांनी जप्त केला आहे.'

पान आधीच तपासून झालेलं होतं. ते तसंच छपाईला गेलं.

अंक बाहेर पडला आणि आठवड्याभरात वाचकांच्या पत्रांनी संपादकांचं टेबल भरलं. कोणी 'घरून आणलेला' धडाम कागदावर काढून पाठवला होता, कोणी सल्लागारांचा फोटो मागत होतं. संपादकांनी तिला बोलावलं तेव्हा नोकरी गेली असंच धरून ती पदर सारखा करत आत गेली.

"तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"दर अंकात पाहिजे," संपादक म्हणाले. "पण सरांचं शास्त्र आहे तसंच ठेवा. शास्त्र आहे म्हणून तर मजा येते."

दादा दुपारी आला. सगळे जेवायला खाली जाईपर्यंत तो खिडकीशी उभा राहिला. मग अंक तिच्या टेबलावर टाकला.

"हे तू केलंस."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यानं तिला 'तू' म्हटलं होतं.

"शास्त्रात काही चुकलं का?"

"लोकांना माझ्यावर हसवायचंय तुला."

"हो," ती म्हणाली. "तुला कळतं का तरी, हसणं म्हणजे काय असतं ते? आई शेवटी काय म्हणाली होती? मी गेले की तारा होईन, वर बघत जा. आणि तू काय म्हणालास?"

"तारे तसे होत नाहीत, असं म्हणालो."

"मरणाऱ्या बाईला! तिनं भिंतीकडे तोंड केलं, दादा. मी पाहिलंय."

"तू तेवढंच पाहिलंस. तणतणत औषध आणायला गेलीस," तो म्हणाला. त्याचा आवाज वर्गात शिकवल्यासारखा सपाट होता. "ती हसत होती. हसू दाबायला तोंड फिरवलं होतं. मग मला म्हणाली, बरं, तारा नाही तर उल्का होते आणि तुझ्या टकलावर येऊन पडते."

"खोटं."

"मी खोटं बोलत नाही. तुला माहीत आहे."

तेच तर होतं. साऱ्या नात्यागोत्याला माहीत होतं की हा माणूस खोटं बोलत नाही, बोलताच येत नाही त्याला. भिंतीकडे तोंड केलेली आई तिनं इतकी वर्षं जिवापाड जपली होती. त्या पाठमोऱ्या आईच्या जोरावर ती या भावाच्या घरची पायरी चढली नव्हती. वहिनी गेली तेव्हासुद्धा नाही. आणि आता तो सांगत होता की त्या आईला हसू आवरत नव्हतं.

"जा इथून," ती म्हणाली.

त्यानंतर तिच्या टिपा धारदार होत गेल्या. सल्लागार अवकाशात पडले तरी वाचतील, कारण त्यांना कधी श्वास टाकताना कोणी पाहिलेलं नाही. सल्लागारांनी लग्नात अंतरपाटाची लांबी मोजली होती. हे शेवटचं खरंच होतं, आणि घरातल्या माणसाशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. दादा प्रत्येक पान तपासायचा, टीप वाचायचा, शास्त्राची चूक नसेल तर कोपऱ्यात बरोबरची खूण करायचा आणि पान परत ठेवायचा. एकदाही तो काही बोलला नाही. त्याच्या त्या खुणेनं ती जास्तच पेटायची.

आणि मग एका अंकात तिनं लिहिलं: 'सल्लागारांच्या घरीही आवाज होत नाही. तिथेही हवा नाही.'

लिहून झाल्यावर तिनं टाक धुतला, नीट पुसला. वहिनीला जाऊन दोन वर्षं होत आली होती. मुलगा परदेशी होता. हे सगळं माहीत असूनच तिनं लिहिलं होतं. त्यासाठीच लिहिलं होतं.

दादानं पान नेलं. त्याच्या टेबलाकडे न पाहता ती दुसऱ्या पानाचे फुगे भरत राहिली. बऱ्याच वेळानं पान परत आलं. कोपऱ्यात या वेळी खूण नव्हती. टिपेच्या खाली त्याच्या शिस्तीच्या अक्षरात, लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'चूक. घरात हवा असते. आवाज होत नाही, कारण बोलायला कोणी नसतं.'

तिनं ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"आयला!" संपादक कधी मागे येऊन उभे राहिले होते कोण जाणे. "सरांनाही विनोद यायला लागला! छापा, छापा. त्यांच्या नावासकट, आहे तसं. वर तुमची टीप, खाली त्यांचं उत्तर. लोक खुर्चीतून पडतील हसून."

"तो विनोद नाही," ती म्हणाली.

"बाई, विनोद कशाला म्हणतात ते मला नका शिकवू. लिहायला घ्या."

दादा आपल्या टेबलाशी ताठ बसला होता. डोळ्यांसमोर कुठलंसं पान धरलेलं, पण पेन्सिल हलत नव्हती.

तिनं शाईची बाटली उघडली. ब्रश घेतला. मग तो खाली ठेवला आणि कोपरानं बाटली सरळ पानावर आडवी केली, संपादकांच्या देखत. त्यांच्याकडे पाहत.

"अहो! अहो बाई!" संपादक ओरडले. "मुद्दाम केलंत! मी या डोळ्यांनी पाहिलं! उद्यापासून येऊ नका तुम्ही. चालतं काय हे? छपाई तोंडावर आली आणि..."

"टेबल कलतंय."

दादा उठून जवळ आला होता.

"काय?" संपादक म्हणाले.

"टेबल. या बाजूला उतार आहे. बाटली घसरली."

संपादकांनी टेबलावर हात ठेवून पाहिला. "कुठे कलतंय? सपाट तर आहे."

"हाताला कळणार नाही. थोडासाच आहे. पण तेवढा पुरतो." दादाचा आवाज तोच होता, वर्गातला. "मी सांगतो ना. अपघात आहे हा."

शाई पानावरून टेबलावर आली होती आणि चहूकडे सारखी पसरत होती, गोल, हळूहळू, कुठल्याही बाजूला झुकत नव्हती. तिघंही त्या शाईकडे पाहत होते. पण मालिकावाल्यांच्या माणसाशी वाद घालायची संपादकांची तयारी नव्हती. "पान नव्यानं करा," ते चरफडत म्हणाले. "टीप नको आता. वेळ नाही," आणि दार आपटून आत गेले.

ती फडक्यानं शाई टिपू लागली. म्हणजे याला खोटं बोलता येत होतं. सहज, डोळ्याची पापणी न लववता. मग आई त्या दिवशी हसली होती की नव्हती? तिनं मान वर केली. विचारता आलं असतं. दादा पाठ फिरवून आपल्या टेबलाकडे चालला होता.

दिवे लागायच्या वेळी ती खाली उतरली. थांब्यावर तो होता. ती रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. बस आली, तो चढला, मधली माणसं चढली, मग ती चढली. बस भरलेली होती. एकच जागा रिकामी होती, त्याच्या शेजारची, आणि तिच्यावर त्यानं आपली पिशवी ठेवली होती.

ती तिथवर गेली. वरची कडी धरून त्या जागेला लागून उभी राहिली. तो खिडकीबाहेर पाहत होता. पिशवी त्यानं उचलली नाही, आणि तिनं उचल म्हटलं नाही.

पुढच्या थांब्यावर एक माणूस चढला. पिशवीकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, "इथे कोणी आहे का?"

"आहे," दादा म्हणाला.

माणसानं पिशवीकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहिलं, आणि काही न कळून तो मागे सरकला. बस वळणावर जोरात कलली. तिनं कडी दोन्ही हातांनी धरली आणि उभीच राहिली.